सातशे त्रेपन्नची पाटी

इंजिनांचे आकडे टिपणाऱ्या माणसाला घरची माणसं वेडा म्हणतात आणि रेल्वेची माणसं अडगळ म्हणतात. दोघांचंही फारसं चुकत नाही. एडविन थ्वेटनं ही दोन्ही नावं उभ्या जन्मात मुकाट ऐकून घेतली होती. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी केली, ती संपली. बायको गेली. कार्लाइल स्टेशनच्या उत्तर टोकाचं लाकडी बाक तेवढं राहिलं, आणि त्या बाकावर शेजारी बसणारा नॉरिस रटलेज.

या लोकांचं एक छापील पुस्तक असतं. देशातल्या झाडून साऱ्या इंजिनांचे आकडे त्यात ओळीनं दिलेले. इंजिन बघितलं की त्याच्या आकड्याखाली रेघ मारायची, एवढाच खेळ. पण त्याचा एक कायदा आहे आणि तो मोडणाऱ्याला बाकावर जागा नाही. आकडा इंजिनावरचा हवा आणि तो ज्याचा त्यानं वाचायला हवा. शेजाऱ्यानं वाचून सांगितलेला चालत नाही, अर्धा वाचून अंदाजानं पुरा केलेला चालत नाही.

हा कायदा सांभाळायचं काम नॉरिसनं स्वतःकडे घेतलं होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नॉरिस खाटीक, शहरात त्याचं मटणाचं दुकान. तराजूला हात लावून दोन तोळे जास्त दाखवेल, पण आकड्याच्या बाबतीत सुईच्या टोकाएवढी सवलत द्यायचा नाही. युद्धानंतरच्या त्या भयंकर हिवाळ्यात एक इंजिन तोंडापासून शेपटापर्यंत बर्फानं लिंपून आलं. ड्रायव्हरनं स्वतःच्या तोंडानं आकडा सांगितला. एडविननं पेन्सिल काढली तर नॉरिस म्हणाला, "तू बर्फ बघितलास. इंजिन नाही बघितलंस." एडविननं पेन्सिल खिशात ठेवली. ते इंजिन पुन्हा दिसायला पुढं दोन हिवाळे जावे लागले, पण रेघ मारली तेव्हा ती ताठ मानेनं मारली.

आता वाफेची इंजिनं मोडीत निघाली होती. आठवड्याला एखादी तरी वरात कार्लाइलवरून उत्तरेकडच्या भंगारवाल्यांकडे जायची. पुढं एक जिवंत इंजिन आणि त्याच्यामागं दोरीला बांधलेल्या म्हशींसारखी तीन-चार मेलेली. एडविनच्या पुस्तकात नौदलाच्या सरदारांची नावं असलेल्या इंजिनांच्या जातीची दोन पानं होती. त्या दोन्ही पानांवर वरपासून खालपर्यंत रेघा होत्या. एका आकड्याखाली तेवढी नव्हती. पंचेचाळीस हजार सातशे त्रेपन्न.

ते इंजिन कार्लाइलला कधी आलंच नव्हतं असं नाही. एकदा आलं होतं, एडविनच्या लग्नाच्या दिवशी. नॉरिस नवरदेवाचा पाठराखा, अंगठी त्याच्या खिशात, आणि हा गडी चर्चला पोचला तो धापा टाकत, पाद्री घसा खाकरायला लागल्यावर. अंगठी हातात देताना त्यानं एडविनच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "सातशे त्रेपन्न. आत्ताच. दोन हात लांबून." ॲग्नेस जन्मभर सांगायची की माझ्या नवऱ्याचा लग्नातला रडवेला फोटो बघून लोकांना वाटतं याला जबरदस्तीनं उभा केलाय. पुढं ते इंजिन दूर पश्चिमेला बदलून गेलं, आणि नॉरिसनं तेवढ्या एका आकड्यावर तीसेक वर्षं एडविनला टोचून खाल्लं.

तेच इंजिन आज भंगारात निघालं होतं. एरवी या वराती स्टेशनाबाहेरच्या मालगाडीच्या वाटेनं परस्पर जायच्या. पण त्या वाटेवरच्या पुलाचं काम निघालं होतं, त्यामुळे या आठवड्यात सगळं स्टेशनातून, फलाटाला घासून जात होतं. शिवाय ड्रायव्हर बदलायला इथं थांबणार. एडविनला यापुढं संधी नव्हती. आज नाही तर सातशे त्रेपन्नचे तुकडे होऊन कुठं तरी साखरेचे चमचे बनणार.

आणि एडविनला दिसत नव्हतं.

अगदी दिसत नव्हतं असं नाही. फलाट दिसायचा, माणसं दिसायची, सिग्नलचा हात वर आहे की खाली तेही कळायचं. पण ज्याच्याकडे नजर रोखावी तेवढंच नेमकं पुसलेलं. कडेचं दिसतं आणि मधलं नाही, असला वाकडा आजार. डॉक्टरनं डोळ्यांत दिवा मारून बघितलं आणि सांगितलं की याला औषध नाही, चष्मा नाही, पण ठार आंधळे होणार नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. एडविननं आनंदानं मान हलवली आणि घरी आला. वर्तमानपत्र बंद केलं. फलाटावर मात्र पूर्वीसारखाच पुस्तक मांडीवर आणि पेन्सिल कानावर ठेवून बसू लागला. नॉरिसनं विचारलं, "हल्ली रेघा मारत नाहीस?" तर म्हणायचा, "आता येतात ती डिझेलची थोबाडं. त्यांना कोण रेघ मारतो?" नॉरिसला ते मनापासून पटलं. गेल्या हिवाळ्यापासून एडविननं एकही रेघ मारली नव्हती. खोटी मारणं सोपं होतं. ते त्याच्या मनातही आलं नाही.

पण सातशे त्रेपन्नसाठी त्यानं एक वाट काढली होती. वाफेच्या इंजिनाच्या तोंडावर जे मोठं गोल दार असतं, त्यावर आकड्याची पाटी बसवलेली असते. ती रंगवलेली नसते, ओतीव लोखंडाची असते, आणि आकडे चांगले बोटभर उंचीचे, वर उठलेले असतात. डोळ्यांनी नाही तर बोटांनी वाचायचं. वाचणं ते वाचणं. कायद्यात डोळ्यांचं नाव कुठंही नाही, हे त्यानं रात्र रात्र घोकून नक्की केलं होतं.

फलाट संपून उतार लागतो तिथं रेल्वेची एक जुनी सूचना उभी आहे, 'प्रवाशांनी रूळ ओलांडू नयेत' अशी. तीही ओतीव लोखंडाची. टेकून उभं राहिल्यासारखं करून एडविन आठवडाभर त्या सूचनेवर बोटं फिरवत होता. पहिल्या दिवशी नुसता खरखरीतपणा लागला. शेवटी शेवटी खालचा सन आणि दंडाची रक्कमही वाचता यायला लागली.

"झाला का अभ्यास?"

मागं ऑलिव्हबाई चहाची ढकलगाडी घेऊन उभी होती. या फलाटावर तिनं निम्मं आयुष्य चहा ओतला होता आणि तिच्यापासून काही लपून राहत नसे.

"कसला अभ्यास?" एडविन म्हणाला.

"मला नका सांगू. सोमवारी पाटीवर 'आज बन नाहीत' लिहिलं होतं, तुम्ही त्याच्याकडे बघून बन मागितलात. मंगळवारीही मागितलात. त्याला कधी सांगणार आहात?"

"कोणाला?"

"चर्चिलला! अहो नॉरिसला, दुसऱ्या कोणाला?"

एडविननं आवाज खाली आणला. "त्याला कळलं की तो मला आकडे वाचून दाखवायला लागेल. हाताला धरून जिन्यावरून नेईल. आज माझं काम होऊ दे, मग बघू."

"काम म्हणजे ते इंजिन ना? त्यावर चढणार? या वयात?"

"दोन पायऱ्या आहेत फक्त."

"पडलात तर चहा मलाच पाजावा लागेल," ऑलिव्हबाई म्हणाली आणि त्याच्या हातात कप देताना तिनं त्याचं बोट कपाच्या कानाला नेऊन टेकवलं. एडविनला राग आला, पण कप सांडला नाही.

नॉरिस आला तो एका बाजूला कलून. त्याच्या उजव्या हातात दुकानाची चामडी पिशवी होती आणि ती त्यानं बाकाखाली ठेवली तेव्हा धाडकन आवाज झाला.

"काय आणलंस, अख्खा बैल?" एडविननं विचारलं.

"जेवण."

"जेवण वाजतं?"

"कडक भाजलंय. तू तुझं बघ. झोप लागली का नवरदेव?" नॉरिस आज भलताच खुशीत होता. त्याचा आवाजच सांगत होता. "तीस वर्षं झाली. मला तर वाईट वाटतंय बाबा. उद्यापासून तुला चिडवायचं कशावरून?"

"तुला काही तरी सापडेल."

"तेही खरंच. तुझी टोपी आहे, तुझं नाक आहे."

काल हा दुकान मुलावर टाकून दिवसभर कुठं गेला होता, असं एडविनच्या मनात आलं. पण विचारायचं राहून गेलं, कारण दक्षिणेच्या टोकाला सिग्नलचा हात खाली पडल्याचा आवाज झाला.

वरात आली. पुढचं इंजिन धापा टाकत छपराखालून गेलं, त्याच्यामागं मेलेली. मेलेल्या इंजिनांचा आवाज वेगळा असतो. धूर नाही, श्वास नाही, नुसता दांड्यांचा खुळखुळाट. एडविननं तोंड जरा वळवलं आणि डोळ्याच्या कडेनं काळे डोंगर सरकताना बघितले. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं. चौथं उलट्या तोंडानं जोडलेलं होतं, म्हणजे त्याचं तोंड वरातीच्या शेवटी. ब्रेक करकरले आणि ते तोंड फलाटाच्या उताराशी, त्या लोखंडी सूचनेच्या समोर येऊन थांबलं. देवानं मापून थांबवलं असतं तरी इतकं नेमकं थांबलं नसतं.

"हेच!" नॉरिस ओरडला. "बघ लेका, बघ! सातशे त्रेपन्न! डोळे भरून बघ!"

तिकडं पुढं ड्रायव्हर उतरून दुसरा चढत होता. मेलेल्या इंजिनांवर राखणीला बसलेला एक तरणा कोळसेवाला फायरमन पाय मोकळे करायला फलाटावर आला आणि ऑलिव्हबाईच्या गाडीकडे वळला. एडविननं कप बाकावर ठेवला. हाताला लोखंडी दांडा लागला, तो धरून त्यानं पाय वर टाकला, दुसरा टाकला, आणि इंजिनाच्या तोंडासमोरच्या अरुंद पट्टीवर उभा राहिला. गोल दाराच्या थंड पत्र्यावर त्यानं हात वर वर नेले, पाटी असते तिथपर्यंत.

तिथं पाटी नव्हती. दोन खिळे बाहेर आलेले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्यांच्यामध्ये सपाट पत्रा. एडविननं पुन्हा हात फिरवला. मग खाली फिरवला, बाजूला फिरवला. काही नाही.

"काय चाचपतोस? गाय आहे का ती?" खालून नॉरिस हसत होता.

"पाटी कुठाय?"

"खाली ये, मग सांगतो."

"पाटी कुठाय नॉरिस?"

"अरे खाली ये तर!"

एडविन उतरला. नॉरिसनं पिशवी उघडली, दुकानातल्या धुतलेल्या एप्रनमध्ये गुंडाळलेली वस्तू काढली आणि त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली. हात खाली गेले इतकी ती जड होती.

"घे. तुझ्या लग्नाचा आहेर. जरा उशीर झाला." नॉरिस मोठ्यानं बोलत होता. "काल खालच्या इंजिनांच्या शेडवर जाऊन फोरमनचे पाय धरले. मेंढ्याची अख्खी मांडी दिली त्याला. पावती आहे बरं, चोरीची नाही. भंगारवाल्यानं वितळवली असती रे. तुझ्या शेकोटीवर टांग आता."

एडविनच्या बोटांखाली एक उठलेली कड आली. त्याला कळलं आपल्या हातात काय आहे, आणि त्याचं डोकं फिरलं.

"गाढवा, काय केलंस हे? कोणी सांगितलं होतं तुला? काल काढायची काय गरज होती?"

नॉरिसनं एडविनच्या रडण्याची तयारी ठेवली होती, शिव्यांची नव्हती. "अरे, आकडा बाजूला रंगवलाय की! ढळढळीत दिसतोय. जा, वाच, मार रेघ."

"मला दिसत नाही."

"जरा काजळी आहे, पण..."

"मला दिसत नाही, नॉरिस. आकडे दिसत नाहीत. वर्तमानपत्र दिसत नाही. तुझं तोंड दिसत नाही मला. तुझे कान दिसतात फक्त."

एडविनला लाज वाटली, सगळं सांडून गेल्यासारखी. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "ही पाटी बोटांनी वाचणार होतो. आठवडाभर तालीम केली त्या सूचनेवर. रंग बोटाला लागत नाही."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू वाचून दाखवायला लागला असतास."

नॉरिसनं नाक ओढलं. मग घाईघाईनं म्हणाला, "बरं, मग आता वाच ना. पाटी हातात आहे तुझ्या. फिरव बोटं, झालं!"

"हातातलं हे लोखंड आहे. इंजिन तिकडं उभं आहे. आकडा इंजिनावरचा हवा."

"अरे पण ती त्याचीच..."

"बर्फ बघितलास, इंजिन नाही बघितलंस, असं कोण म्हणालं होतं?"

"मी काहीही बोलतो! माझं काय ऐकतोस तू?"

"त्याच बोलण्यावर मी सगळ्या रेघा मारल्यात," एडविन म्हणाला. "शेवटची तेवढी खोटी नाही मारणार."

उत्तरेचा सिग्नल खडखडला. पुढच्या इंजिनानं शिट्टी दिली.

नॉरिसनं पाटी त्याच्या हातातून हिसकावली. साठी उलटलेला, पोट सुटलेला, गुडघ्यानं अधू माणूस, पण जन्मभर अर्धे बैल खांद्यावर टाकलेले. त्यानं पाटी काखेत मारली आणि दांडा धरून वर चढला. डोक्यावर दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि तिची भोकं त्या दोन खिळ्यांत सरकवली. खिळ्यांवर आवळायचे नट नव्हतेच, ते काल काढले होते, म्हणून वरून-खालून तळवे लावून तो ती दाबून धरून उभा राहिला.

"ये वर! लावली मी. आता इंजिनावर आहे की नाही? ये लवकर, हात तुटतायत!"

"ओ आजोबा!" फायरमन किंचाळत धावला. "उतरा खाली! गाडी निघतेय! काय चाललंय काय?"

"पोरा, तू तुझा चहा संपव," ऑलिव्हबाईनं त्याची बाही धरली. "आणि पुढं जाऊन सांग, मागं तू अजून चढला नाहीस म्हणून. चढलायस का? नाही ना?"

फायरमननं तिच्याकडे बघितलं, वर लटकलेल्या खाटकाकडे बघितलं, आणि पुढच्या ड्रायव्हरला थांबायची खूण केली. चहा काही संपवला नाही.

एडविन वर चढला. नॉरिसच्या दंडाखालून त्यानं हात घातला. नॉरिसला घाम फुटला होता, त्याच्या अंगाला मटणाचा आणि साबणाचा वास येत होता. एडविनची बोटं पाटीच्या डाव्या कडेला लागली. पहिला आकडा चार हवा. बोटांना लागली एक गोलाई, मग दुसरी, मधे खाच. त्यानं पुन्हा चाचपलं. पुढच्या आकड्यावर गेला, तिथून पुढं, सावकाश, शेवटच्यापर्यंत.

"काय झालं?" नॉरिस कण्हत म्हणाला. "लागतंय ना? लागतंय की नाही?"

"नॉरिस."

"बोल ना!"

"उलटी लावलीयेस."

खाली ऑलिव्हबाई फिसकन हसली. नॉरिसनं पाटी खिळ्यांवरून ओढली, छातीवरच फिरवली आणि पुन्हा बसवली.

"मुद्दाम लावली होती," तो म्हणाला. "बघत होतो, खरंच वाचतोस की थापा मारतोस."

एडविननं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार. पाच. सात. पाच. तीन. प्रत्येक आकड्यावर बोट दोनदा फिरवलं, घाई केली नाही. ओतीव लोखंड गार होतं आणि कडेला थोडं खरखरीत. मग त्यानं हात काढून घेतला आणि म्हणाला, "बघितलं."

पाटी काढून घेऊन दोघं उतरले. फायरमन पुटपुटत चढला. वरात हलली, दांड्यांचा खुळखुळाट नदीच्या पुलावरून पलीकडे जाईपर्यंत ऐकू येत राहिला. पाटी बाकावर पडली होती. नॉरिस तिच्या शेजारी बसून दंड चोळत होता, आणि डोळे पुसत होता, ते मात्र एडविनला दिसलं नाही.

एडविननं पुस्तक काढलं, कानावरची पेन्सिल काढली, आणि दोन्ही नॉरिसच्या मांडीवर ठेवली. दुसऱ्याच्या पुस्तकात रेघ मारायची नाही, हाही त्या बाकाचा कायदा होता.

"पान तुला माहीत आहे," एडविन म्हणाला. "मी वाचलंय. तू फक्त रेघ मार."

नॉरिसनं पान काढलं. गुडघ्यावर पुस्तक नीट धरलं. पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. त्याला बराच वेळ लागला.

"सरळ आली का?" एडविननं विचारलं.

"नाही," नॉरिस म्हणाला.